पक्का रस्ता, कच्ची वाट आणि जुनी मोटारसायकल

आठवडी बाजारावर ज्यांचे पोट आहे, त्यांच्यासाठी मोटारसायकल ही हौस नसून हत्यार आहे. कल्हईवाल्याला भाता, शिकलगाराला धारेचे चाक, तशी फिरत्या व्यापाऱ्याला गाडी. ती बाजाराच्या सकाळी बंद पडली तर त्या दिवसाची रोजी बुडते, आणि नाशवंत माल असेल तर भांडवलही बुडते.

आमच्या मणियार, बागवान, आतार, पिंजारी, शिकलगार आणि कुरेशी बांधवांपैकी अनेकांचा मार्ग दोन प्रकारचा असतो. तालुक्यापर्यंत डांबर आणि तेथून पुढे वाडीपर्यंत मुरूम, चिखल किंवा ओढ्याचे पात्र. नवी गाडी घ्यायची तर बहुतेकांना फायनान्सवाल्याच्या दारात जावे लागते आणि तेथे व्याज आले. व्याजापासून दूर राहायचे म्हणून पुष्कळ जण साठवलेल्या पैशात रोखीने जुनी गाडी घेतात. हा निर्णय योग्यच आहे. मात्र कष्टाची रोकड एकदाच खर्च होते, म्हणून निवड डोळसपणे झाली पाहिजे. दोन्ही प्रकारच्या रस्त्यांवर चालणारी जुनी गाडी कशी पारखावी, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

आधी वाट पाहा, मग गाडी

बाजारात गेल्यावर उंच, दणकट दिसणारी गाडी मनात भरते. पण गाडीची निवड चांगल्या चाळीस किलोमीटरवरून करायची नसते. ती आपल्या मार्गातल्या सर्वांत वाईट दोन किलोमीटरवरून करायची असते. चांगल्या रस्त्यावर कोणतीही गाडी चालते. खरी परीक्षा त्या दोन किलोमीटरमध्ये होते.

ही वाईट वाट सगळीकडे सारखी नसते. परभणी, नांदेड, यवतमाळकडची काळी माती पावसात चाकाला चिकटते आणि टायर व मडगार्ड यांच्यामध्ये भरून चाकच अडवते. तेथे पुढचे मडगार्ड टायरपासून उंच असणे किंवा निदान ते मेकॅनिककडून उंचावर बसवता येणे, ही मोठी सोय आहे. सांगोला, जत भागातल्या कोरड्या खडकाळ वाटेवर इंजिनच्या तळाला दगड लागतो. तेथे जमिनीपासूनची उंची आणि इंजिनखालची लोखंडी ढाल महत्त्वाची. महाड, पोलादपूर, मंडणगडच्या बाजूला लाल माती निसरडी होते आणि चढउतार सतत असतात. तेथे गाडीचे वजन कमी असणे आणि ब्रेक भरवशाचे असणे याला मोल आहे. पेठ, सुरगाणा, धडगाव, मोलगी या डोंगरी भागांत वाडीपासून मेकॅनिक फार लांब असतो. तेथे गाडी जितकी साधी तितकी बरी.

म्हणून प्रथम तीन गोष्टी कागदावर लिहा. मार्गातला सर्वांत वाईट तुकडा कोणता, आपण आणि माल मिळून वजन किती, आणि गाडी अडली तर दुरुस्त करणारा माणूस किती अंतरावर आहे. ही तीन उत्तरे हाती नसतील तर बाजारात जाऊच नये.

कोणती गाडी कोणाच्या कामाची

हिरो होंडाची स्प्लेंडर १९९४ मध्ये आली आणि आज ती हिरोच्या नावाने विकली जाते. वजन सुमारे ११२ किलो, चाके १८ इंचाची, जमिनीपासूनची उंची १६५ मिलिमीटर. ही गाडी कच्च्या वाटेसाठी बनलेली नाही, तरीही खेडोपाडी तीच दिसते. कारण तिचा सुटा भाग तालुक्याच्या कोणत्याही दुकानात मिळतो आणि ती उघडता न येणारा मेकॅनिक सापडणे कठीण. ज्यांची वाईट वाट थोडी आणि माल हलका, त्यांनी याहून पुढे पाहण्याची गरज नाही.

बजाजची सीटी ११० एक्स २०२१ मध्ये आली. इंजिन सुमारे ११५ सीसी, उंची १७० मिलिमीटर, मागे कॅरियर आणि खाली ढाल. भाजी, किराणा, कापडाचे गठ्ठे नेणाऱ्यास ती सोयीची. टीव्हीएसची एक्सएल १०० ही चार स्ट्रोकची मोपेड २०१५ पासून आहे. समोर पाय ठेवण्याच्या जागी पोते बसते, गिअरची कटकट नाही. परंतु तिची चाके १६ इंचाची असल्याने खोल खड्ड्यात ती आपटते. सपाट मुलखात ती उत्तम, घाटात जड ओझ्यासह मात्र तिच्याकडून फार अपेक्षा करू नये.

खास दोन्ही प्रकारच्या रस्त्यांसाठी बनलेल्या गाड्यांत हिरोची इम्पल्स २०११ मध्ये आली. दीडशे सीसीच्या आसपासचे इंजिन आणि तब्बल २४५ मिलिमीटर उंची. ती आता बनत नाही. तिच्या इंजिनाची कामे होतात, पण शॉकअप, टाकी, प्लास्टिक असे तिचे खास भाग शोधावे लागतात. शिवाय २०११-१२ मध्ये नोंदलेल्या गाडीची १५ वर्षांची नोंदणी २०२६-२७ मध्ये संपते, हेही भावात धरले पाहिजे.

त्याच कंपनीची एक्सपल्स २०० ही २०१९ मध्ये आली. पुढचे चाक २१ इंच, मागचे १८ इंच, उंची २२० मिलिमीटर, वजन दीडशे किलोच्या थोडे वर. मोठे पुढचे चाक खड्ड्यात न अडकता वरून निघून जाते, हा तिचा खरा गुण. वाड्यावस्त्यांवर जनावरांच्या सौद्यासाठी फिरणाऱ्या, म्हणजे ओझे कमी आणि वाट अवघड असलेल्या व्यापाऱ्याला ती शोभते. मात्र तिची सीट ८२० मिलिमीटरहून उंच आहे. बुटक्या माणसाचे दोन्ही पाय जमिनीला टेकत नाहीत, आणि मागे ओझे असताना चिखलात पाय टेकला नाही तर गाडी आडवी होते.

रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ सीसी इंजिनासह २०१६ ते २०२३ या काळात विकली गेली. २०१७ मध्ये कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आले. सीट ८०० मिलिमीटर, टाकी १५ लिटरची, लांबच्या रस्त्यावर सुखाची. पण वजन १९० किलोच्या पुढे. मालासह चिखलात पडली तर एकट्या माणसाला ती उचलत नाही. रोज दोनशे किलोमीटर फिरणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याने तिचा विचार करावा. बांगड्यांची पेटी घेऊन चार वाड्या करणाऱ्याने करू नये.

वाटेने गाडीवर काढलेल्या खुणा

जुनी गाडी पारखणे म्हणजे वाईट रस्त्याने तिला आजवर काय केले आहे ते वाचणे होय. रंग आणि पॉलिश एका दिवसात होते. पुढील ठिकाणे मात्र खोटे बोलत नाहीत.

पहिले ठिकाण कोनसेट. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचे चाक अधांतरी करा आणि हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. अगदी मध्यावर ते खाचेत बसल्यासारखे अडले तर खड्ड्यांच्या माराने आतल्या वाट्यांना खळगे पडले आहेत. मग पुढचे शॉकअप धरून मागे-पुढे हलवा. खडखड जाणवली तर तेथेही झीज आहे. शॉकअपच्या पाइपावर तेलाचा ओघळ म्हणजे ऑइल सील गेले. पाइपावर गंजाचे टिपके असतील तर नवे सील टाकूनही ते पुन्हा फाटेल.

दुसरे ठिकाण चाक. आऱ्यांच्या चाकाची प्रत्येक आरी स्क्रूड्रायव्हरने हलकेच वाजवा. ताणलेली आरी खणखणीत वाजते, ढिली बद्द आवाज करते. चाक फिरवून रिंग आऊट आहे का पाहा. आऱ्यांची रिंग कारागीर सरळ करू शकतो. ओतीव अलॉय चाकाला तडा गेला असेल तर ते टाकूनच द्यावे लागते. उलट अलॉय चाकावर ट्यूबलेस टायर बसतो आणि पंक्चर चाक न काढता निघते. खडकाळ वाट जास्त असेल तर आऱ्या, डांबर जास्त असेल तर अलॉय, असा सरळ हिशेब ठेवावा.

तिसरे ठिकाण मागचा चिमटा, म्हणजे मागचे चाक धरणारा भाग. चाक आडवे धरून हलवा. ते लटपटले तर चाकाचे बेअरिंग किंवा चिमट्याचे बुश गेले आहे. चेन मागच्या चक्राच्या अगदी मागच्या बाजूने ओढून पाहा. अर्ध्याहून अधिक दाता उघडा पडला तर चेनसेट बदलण्याच्या लायकीचा झाला.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे ठिकाण चासी. हँडलखालच्या जोडावर, इंजिनच्या खाली आणि फूटरेस्टच्या मुळाशी बॅटरी मारून पाहा. एकाच जागी ताजा रंग, वेल्डिंगची जाड रेघ किंवा रंगात केसासारखी चीर दिसली तर गाडी सोडून द्या. इंजिन नवे करता येते, मोडून जोडलेल्या चासीचा भरवसा नाही. याची एक सोपी परीक्षा आहे. दोन्ही टायर ओले करा आणि कोरड्या सपाट जागेवर गाडी सरळ चालवा. मागच्या चाकाचा ओला पट्टा पुढच्याच्या बाजूला सरकलेला दिसला तर चाकांची रेषा बिघडली आहे. चेन ताणताना चाक तिरपे बसले असेल तर ते सरळ होते. तसे नसेल तर चासी किंवा चिमटा वाकला आहे.

पाचवे ठिकाण इंजिन. जाताच इंजिनला हात लावून पाहा. ते आधीच गरम असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी येतो म्हणून सांगा, कारण थंड इंजिनच खरे बोलते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. ऑइल ताकासारखे पांढरट दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. ओढ्यातून वारंवार नेलेल्या गाडीत हे आढळते. किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नका, तो बदलता येतो. त्याऐवजी फूटरेस्टचे रबर, ब्रेकचे पेडल आणि हँडलच्या मुठी पाहा. आकडा पंधरा हजार आणि पेडल गुळगुळीत झिजलेले, हा मेळ बसत नाही.

ओझे लादून चालवा

रिकामी गाडी चालवून पाहणे हे अर्धे काम. विक्रेत्याला सांगून आपल्या नेहमीच्या ओझ्याइतके वजन मागे बांधा किंवा एक माणूस बसवा, आणि चढावर न्या. तिसऱ्या गिअरमध्ये वेग कमी ठेवून एकदम रेस द्या. इंजिनचा आवाज चढला पण गाडी पुढे गेली नाही तर क्लच प्लेट संपल्या आहेत. मग खडीच्या उतारावर ब्रेक पाहा. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले. काही गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकाला असते. डांबरावर ते जीव वाचवते, पण सुट्या खडीवर गाडी थांबायला अंतर जास्त लागू शकते. याची सवय करून घ्यावी लागते.

कॅरियर पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. ओझे मागच्या चाकाच्या आसापलीकडे गेले की पुढचे चाक हलके होते आणि चढावर हँडल ऐकत नाही. माल जितका खाली आणि जितका स्वाराजवळ तितका चांगला. दोन्ही बाजूंना समतोल थैल्या बांधणे हे मागे उंच डोंगर रचण्यापेक्षा केव्हाही बरे.

टायरच्या बाजूवर चार आकडे छापलेले असतात. २३२२ म्हणजे २०२२ सालचा २३वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी फार जुना टायर कडक होतो आणि ओल्यावर घसरतो. दोन्ही रस्त्यांसाठी मध्यम खोल नक्षीचा टायर घ्यावा. फार उंच गुटक्यांचा टायर चिखलात पकडतो, पण डांबरावर लवकर झिजतो आणि वळणावर दगा देतो.

पेट्रोलचाही विचार करा. आज पंपावरील पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या या मिश्रणासाठी बनलेल्या नव्हत्या. जुन्या गाडीचे पेट्रोल पाइप, वॉशर आणि कार्ब्युरेटरमधील रबरी भाग तपासून, लागल्यास आधीच बदलून घ्यावेत. इथेनॉल ओलावा ओढून घेते, म्हणून पावसाळ्यात गाडी आठवडेच्या आठवडे उभी ठेवू नये. १ एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांत इंजेक्शन आहे. इंजेक्शनची गाडी कमी त्रास देते, पण बिघडली तर यंत्र लावून पाहणारा मेकॅनिक हवा. कार्ब्युरेटर वाडीतला कारागीरही साफ करतो. तसेच किक आहे की नाही पाहा. किक नसेल तर बॅटरी उत्तम हवी.

कागद म्हणजेही गाडीच

आमचे बांधव गाडी दोन तास पाहतात आणि कागद दोन मिनिटे. हे उलटे आहे. आरसीवरील चासी आणि इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी स्वतः ताडून पाहा. क्रमांक घासलेला वाटला तर चर्चा तेथेच थांबवा. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइल अॅपवर थकलेली ई-चलाने, विमा, पीयूसी आणि फायनान्सचा बोजा कळतो. बोजा असेल तर फायनान्स कंपनीचे ना हरकत पत्र आणि नमुना ३५ घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसली आहे का, तेही पाहा.

नाव बदलण्यासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. मालक वारला असेल तर नमुना ३१. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार राज्यांतर्गत विक्रीत विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विम्यावरील नावही १४ दिवसांत बदलण्यासाठी अर्ज करावा. नोंदणीची मुदत १५ वर्षे, नंतर तपासणी होऊन दर वेळी पाच वर्षांसाठी नूतनीकरण आणि त्यासोबत हरित कर. हा खर्च गाडीच्या भावातच मोजावा.

नुसत्या कोऱ्या सहीवर गाडी हातोहात फिरवण्याची पद्धत आपल्या बाजारांत रूढ आहे. ती किती घातक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने स्पष्ट केले. गाडी पुढे कितीही जणांना विकली गेली असली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणजे आपली जुनी स्प्लेंडर पाच वर्षांपूर्वी विकून मोकळा झालेला गरीब कारागीर, नाव बदलले नसेल तर, कुणा अनोळखी माणसाच्या हातून झालेल्या अपघातापायी लाखोंच्या भरपाईत अडकू शकतो. म्हणून घेणाऱ्याइतकेच विकणाऱ्यानेही नाव बदलून घेण्यासाठी मागे लागावे.

ऐब झाकू नका, सौदा लिहून ठेवा

या व्यवहारात शरीअतने घालून दिलेली शिस्त आणि व्यापारातला शहाणपणा एकच सांगतात. सहीह मुस्लिममधील हदीसनुसार प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले असे विक्रेत्याने सांगताच, ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, अशी विचारणा त्यांनी केली आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नाही असे बजावले. वेल्डिंगवर ताजा रंग मारलेली चासी ही आजच्या काळातली ओल्या धान्याची रास आहे. आमच्यातला जो गाडी विकतो आहे, त्याने हे विशेष ध्यानात घ्यावे.

घेणाऱ्यालाही शरीअतने हक्क दिला आहे. सौद्याच्या वेळी तीन दिवसांत परत करण्याची अट घालता येते, आणि झाकलेला ऐब निघाला तर माल परत करता येतो. हा हक्क मागायला संकोच कशाला? विक्रेता प्रामाणिक असेल तर तीन दिवस देईल. तो नाही म्हणाला तर तेही एक उत्तरच आहे. आणि काही रक्कम उधार ठेवायची असेल तर सूरह बकरहच्या २८२व्या आयतीतील ताकीद आठवा. मुदत ठरवा, लिहून ठेवा, दोन साक्षीदार घ्या. भाऊबंदांतला सौदा आहे म्हणून कागद नको, असे म्हणणाऱ्यांचीच भाऊबंदी पुढे तुटते.

तेव्हा हाती असलेली सगळी रक्कम गाडीच्या किमतीत घालू नका. चेनसेट, टायर, ऑइल, विमा आणि नाव बदलण्याचा खर्च आधी बाजूला काढा आणि उरलेल्या रकमेत बसेल तीच गाडी पाहा. सोबत आपला ओळखीचा मेकॅनिक न्या आणि त्याची मजुरी खुशीने द्या. गाडी पावसाळ्याच्या तोंडावर नको, दोन महिने आधी घ्या, म्हणजे जे बिघडायचे ते कोरड्या रस्त्यावर बिघडेल. दिसायला साधी, चासीने सरळ, कागदाने स्वच्छ आणि आपल्या वाटेला साजेशी गाडी मिळाली तर ती घेण्यात कमीपणा नाही. हलाल रोजीच्या मागे निघालेल्या माणसाला बाजाराच्या सकाळी वेळेवर पोहोचवणारी गाडीच खरी चांगली गाडी होय.